तिसऱ्या अल्बमखालचा आवाज

आमच्याकडे माणूस फोनवर कधी मरत नाही. फोनवर तो फक्त 'सिरीयस' होतो. मी नरसीला, माहेरी, भाचीच्या ओटीभरणाला गेले होते. पंगत उठत होती आणि आमच्या यांचा फोन आला. "गजू सिरीयस हाय. तू ये." मी विचारलं, "दवाखान्यात नेलं का?" तिकडून पुन्हा तेच, "तू ये." मग मी पुढं काही विचारलं नाही. सिरीयस माणसाला दवाखान्यात नेतात, बायकोला घरी बोलावत बसत नाहीत. एवढं कळायला शाळा शिकावी लागत नाही. सासरी, आमच्या गोरेगावला जीपमधून उतरले तर आमच्या दारात माणसं खाली बसलेली, आणि आतून सासूबाईंचा तो आवाज... मला आधी रडू आलं नाही, भाऊजींचा राग आला. रविवार होता तो. मंगळवारी आपल्याला हिंगोलीला जायचंय, हे त्यांनाही चांगलं माहीत होतं.

गजानन माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ते बारावीला होते, आणि मी भाऊजी म्हणून हाक मारली की लाजून परसात पळायचे. पुढं पुण्याला कंपनीत लागले. तिथं खोलीवरच्या एका पोरानं त्यांना एका परदेशी जोडीच्या गाण्यांचा नाद लावला. कुठल्याशा थंड देशातले एक बाप्या आणि एक बाई, दोघंच मिळून वाजवायचे. त्यांचं नाव माझ्या जिभेला कधी वळलं नाही, म्हणून आमच्या बोलण्यात ते 'दोघं'च राहिले. पुण्यात पाच-सहा वर्षं बरी गेली. मग पायावर सूज, मग बीपी, मग एक दिवस डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही किडन्या गेल्या. ठरलेलं लग्न मोडलं. मुलीकडच्यांना मी नावं ठेवत नाही. माझी मुलगी असती तर मीही तेच केलं असतं. किडनी द्यायला सासूबाई निघाल्या तर त्यांना शुगर, हे निघाले तर यांना बीपी. डॉक्टरांनी दोघांनाही परत पाठवलं. भाऊजींचं नाव यादीत लागलं आणि यादीतच राहिलं.

आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, हिंगोलीला डायलिसिस. यांना खत-बियाण्यांचं दुकान सोडून हलता येत नाही, माझं शिवणकाम घरचं, म्हणून सोबतीला मी. पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. भाऊजींच्या हातातून नळी निघालेली, नळीतून त्यांचं रक्त बाहेर जातंय, मशीनवरच्या चाकातून फिरून परत येतंय... माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली. सोबत म्हणून गेलेली बाई स्टुलावरून घसरायला लागली! भाऊजींनी मोकळ्या हातानं मला धरलं आणि स्वतःच्या एका कानातला इयरफोन काढून माझ्यापुढं केला. "वैनी, तिकडं बघूच नका. हे घाला कानात." मी घातला. बराच वेळ वाट पाहिली आणि विचारलं, "भाऊजी, हे सुरू कवा होणार?"

"हे सुरूच हाय, वैनी."

मी नरसीची. टाळ-मृदंग ऐकत वाढलेली. गाणं म्हणजे शब्द, शब्दांत देव, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून आवाज चढवायचा, एवढंच मला माहीत. इथं तर शब्द नाहीत, चाल नाही, एकच सूर लांबच्या लांब चाललाय. भाऊजी म्हणाले, याला आर्ट-रॉक म्हणतात. रॉक म्हणजे दगड एवढं इंग्रजी मला येतं, म्हणून मी म्हटलं, बराबर हाय, जागचं हलून नाही राहिलं. ते इतके हसले की नर्सबाई येऊन रागावल्या, हात हलवू नका म्हणून. पण चार तास काढायचे असतात. त्या चार तासांत माणूस काहीही शिकतो. महिन्या-दोन महिन्यांत मला पहिला अल्बम कळायला लागला. त्याला मी 'धुक्याचा' म्हणायचे. दुसरा होता 'पाण्याचा', त्यात सारखं काहीतरी झुळझुळत असायचं. तो मला फार आवडायचा, पण भाऊजी लावायचे नाहीत. त्यांना दिवसाचं पाणी मोजून दिलेलं होतं. मे महिन्यात आमच्याकडे जनावरं सावली सोडत नाहीत, अशा उन्हात हा माणूस एक बर्फाचा खडा चघळत जीपमध्ये बसायचा. "दुसरा नको, वैनी," ते म्हणायचे, "घसा जळतो."

म्हणून मग तिसरा. तिसऱ्याची गोष्ट अशी की तो पुरा व्हायच्या आधी त्या दोघांतली बाई वारली. बाप्यानं तिचं वाजवून ठेवलेलं थोडंफार घेऊन, बाकीचं एकट्यानं करून तो काढला, नाव मात्र दोघांचं ठेवलं. या तिसऱ्यावरून आमचं भांडण जुंपलं. तो पहिल्या दोन्हींपेक्षा फार हळू, मधे मधे थांबणारा, आणि त्यात सगळ्यांच्या खाली एक आवाज होता. घुर्रर्र... टक. घुर्रर्र... टक. अगदी बारीक, लक्ष दिलं तरच ऐकू येणारा. मी भाऊजींना म्हटलं, ही ती बाईच आहे, पायानं ताल धरून राहिली आहे, आणि ती गेल्यावर त्या बाप्यानं तेवढा ताल पुसला नाही, खाली ठेवून दिला. भाऊजींनी कानातला इयरफोन काढून पाहिला, पुन्हा घातला. मग म्हणाले, "वैनी, ते मशीन असंल."

"मशीन काहून असंल? माणूसच हाय ते. शिवणाऱ्या बाईला पायाचा ताल कळतो, भाऊजी. मला नका शिकवू."

"न्हाई शिकवत. तुमी म्हणता ते गटावर टाकतो."

जगभरातल्या लोकांचा त्या दोघांच्या नावाचा एक गट होता आणि भाऊजी त्यात होते. तिथं इंग्रजीत चर्चा चालायची आणि ते मला आपल्या भाषेत वाचून दाखवायचे. माझ्या मुद्द्यावरून म्हणे तिथं आग लागली. ब्राझीलचा एक माणूस फारच चिडला. भाऊजी फोन डोळ्यांसमोर धरून वाचायचे, "तो म्हणून राहिला, कोण ही बाई, हिला काय अक्कल हाय?" मग मी चिडायचे, उत्तर सांगायचे, ते टाइप करायचे. जपानची एक बाई माझ्या बाजूनं होती. ती बिचारी शांत, पण मुद्द्याची. जर्मनीचा एक म्हातारा दोन्हीकडून बोलायचा, त्याला आम्ही आमच्या सरपंचाचं नाव ठेवलं होतं. घरी ब्लाउजला हुक लावताना माझ्या डोक्यात ब्राझीलवाल्याचं उत्तर तयार होत असायचं. यांना वाटायचं, बायको येडी झाली.

गेल्या हळदीच्या हंगामात, गावभर हळद शिजल्याचा वास होता तेव्हा, एका मंगळवारी भाऊजी जीपमध्ये चढेनात. रस्त्याच्या कडेला उभे राहिले. अंग काळवंडलेलं, हात सुयांनी गाठी-गाठीचा झालेला. "वैनी, बस झालं. आता नको जायला." जीपवाला हॉर्न वाजवून राहिला, आतली माणसं बघून राहिली. एक फेरी चुकली की काय होतं ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. आणि ते नको म्हणत होते ते एका फेरीपुरतं नव्हतं. मला रडता आलं असतं, हात जोडता आले असते. माझ्या तोंडून निघालं ते भलतंच. "भाऊजी, तिसऱ्याचा निकाल लागू द्या. त्या ब्राझीलवाल्यापुढं मला एकटीला सोडून तुमी कुठं निघाले?" त्यांनी जीपची दांडी धरली. मग चढले. नंतर कितीदा तरी ते नको म्हणाले आणि कितीदा तरी मी हेच म्हणाले. मला वाटायचं, या एका भांडणाच्या जोरावर मी त्यांना ओढून नेतेय. थोडा गर्वही होता मला त्याचा, खोटं कशाला बोलू?

त्या रविवारी दुपारी ते झोपले होते ते उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, या आजारात असं होतं.

पहिलं मासिक झालं, पाहुणे गेले. भाऊजींचा फोन आणि इयरफोन यांनी माझ्याकडे आणून दिला. "तुमचं दोघांचं ते काय होतं, ते यात असंल," म्हणाले. मी शिवणाच्या मशीनपुढं बसले आणि तिसरा लावला. आता वाटेकरी कुणी नव्हता, दोन्ही कानांत घातले. सूर आला, ओळखीचा होता. खालचा आवाज आला नाही. मला वाटलं फोन बिघडला. मागं नेऊन पुन्हा लावलं, आवाज वाढवला. जिथं जिथं तो यायचा तिथं तिथं नुसती रिकामी जागा. दुपार गेली त्यात. मग माझ्या ध्यानात आलं. इयरफोनची वायर आखूड, म्हणून दवाखान्यात मी स्टूल डायलिसिसच्या मशीनला चिकटवून बसायचे. एक कान भाऊजींच्या गाण्यात आणि दुसरा उघडा. ते रक्त फिरवणारं चाक होतं. घुर्रर्र... टक. वर्षभर मी त्याला बाईचा पाय म्हणत भांडत होते.

भाऊजींना तो अल्बम पुण्यापासून पाठ होता. त्यांना पहिल्या दिवशीच कळलं असणार. ते मला तोंडावर म्हणालेही होते, मशीन असंल. आणि मी ऐकलं नाही तेव्हा... जो आवाज त्या अल्बममध्ये नाहीच, त्यावरून ब्राझीलचा माणूस कसा चिडणार? जर्मनीचा म्हातारा कशावर बोलणार? फोनकडे बघत ते सगळं भाऊजी मनानंच बोलत होते. हातात दोन सुया, ओठ कोरडे, आणि इतक्या देशांची माणसं एकटे भांडवत होते, माझी नजर त्या नळीवर जाऊ नये म्हणून. मला हसू यायला हवं होतं. मी शिवायला घेतलेल्या कापडात तोंड घालून रडले.

शेवटच्या शुक्रवारी परत येताना मी जीपमध्ये विचारलं होतं, जपानची बाई काय म्हणते. भाऊजींचे डोळे मिटलेले होते; मला वाटलं, झोप लागली. सेनगाव मागं पडल्यावर ते म्हणाले, "ती म्हणून राहिली, त्या हिंगोलीच्या बाईचा कान लई चांगला हाय. तिला म्हणावं, कुणी सोबतीला नसलं तरी ऐकणं सोडू नको." मी घरी येऊन हे सगळ्यांना सांगितलं होतं. सासूबाईंना, यांना, ब्लाउज न्यायला आलेल्या शेजारणीला... जपानहून मला निरोप आलाय म्हणून.