त्रैलोक्याचा फौजदार आणि चार खांदे

मेहकरच्या एसटी स्टँडवर त्रैलोक्याचे फौजदार चहात पाव बुडवून खात बसले होते. वर्दी पिशवीत होती. शेषराव हे बहुरूपी. थंडी पडली की पोलिसाचं सोंग घेऊन ते बुलढाणा जिल्ह्यातली गावं फिरतात. मला गावं पाहायची हौस आणि त्यांना ऐकणारं माणूस हवं, एवढ्यावर आमचं जमलं होतं.

"यष्टीत वर्दी घालत नाई ताई," ते म्हणाले. "कंडक्टर मंग टिकिट मागत नाई. ते बरं नाई दिसत."

खामगावला गाडी बदलताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला. मी वैतागले, कारण चप्पल नवी होती आणि दुकानदाराने तिची फार स्तुती केली होती. शेषरावांनी पिशवीत हात घालून वर्दीच्या छातीवरचं एक मेडल काढलं आणि त्याची पिन मला दिली. "एका मेडलानं काय फरक पडते? स्वर्गात कोनी मोजत नाई," म्हणाले. त्या पिनेवर मी दोन दिवस चालले.

पिंपळगाव राजात आम्ही ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा खाल्ला. मग एका घराच्या पडवीत शेषरावांनी वर्दी चढवली. खाकी कपडे, कमरेला लाकडी पिस्तूल आणि खांद्यावर पत्र्याचे इतके तारे की खऱ्या पोलिसाने पाहिलं तरी हसूच यावं. पुढे रिक्षाने आणि पायी आमची गावं सुरू झाली. दोन्ही बाजूंना वावरं (शेतं), कुठे वेचायचा राहिलेला कापूस, कुठे फुललेली तूर.

त्यांचा खेळ साधा होता. शिटी वाजवत पारावर यायचं आणि आपला पराक्रम सांगायचा. "इंद्राले दारूबंदीत पकडला. यमाले हटकला, म्हनलं रेड्याचं लायसन दाखव बे!" मग गर्दीतल्या चारचौघांना नाव विचारून भलतेसलते गुन्हे लावायचे, त्यांनी हात वर करून "हजर, साहेब" म्हणायचं आणि लोकांनी पोट धरून हसायचं. शेवटी कडक सॅल्यूट ठोकून शिधा मागायचा. मी तीन गावांत तेच ते ऐकलं आणि तिन्ही वेळा हसले.

चौथ्या गावाचं नाव लिहीत नाही. लिहून तिथल्या एका बाईचं भलं होणार नाही.

तिथेही खेळ रंगला होता. गजानन नावाच्या एका तगड्या शेतकऱ्यावर चंद्र चोरल्याचा आरोप होता आणि तो हात वर करून "हजर, साहेब!" असं ओरडत होता. तेवढ्यात गर्दी आपोआप दुभंगली. साठीच्या पुढची एक बाई पदर सावरत पुढे आली. तिला वाट देताना बायांनी लुगडी आवरून घेतली. अंग लागू नये अशी ती लगबग मला लगेच कळली आणि माझं हसू तिथेच मावळलं.

"साहेब," ती म्हणाली, "यमाले तेवढं नका पकडू. त्याले येऊ द्या आमच्या घरी. आमचा बुढा (म्हातारा) सुटंन तरी. तुमी मले चार मानसं पकडून द्या."

कुणी हसलं नाही. ती कौसाबाई. लेकीने दुसऱ्या जातीतल्या मुलाशी लग्न केलं, तेव्हा तिचं तोंड पाहायचं नाही असं भावकीच्या पंचांनी ठरवलं. कौसाबाई लेकीच्या बाळंतपणाला गेली. त्या दिवसापासून घर वाळीत पडलं. भावकीने तोंड फिरवलं, तसं गावानेही फिरवलं. बोलणं बंद, चक्कीवर दळण बंद. आता नवरा लकव्याने अंथरुणावर होता आणि डॉक्टरांनी आशा सोडली होती. हे सगळं तिने पारावर, सगळ्यांसमोर, स्वच्छ आवाजात सांगितलं.

"त्याले खांदा कोन देईन, तेवढं आज ठरवून द्या," ती म्हणाली.

शेषराव माझ्याकडे वळले. "ताई, आमचं काम हसवाचं हाय," ते पुटपुटले. "भांडनाच्या दारात आमी थांबत नाई."

मला राग आला होता. "नुसतं विचारून तर पाहा," मी म्हणाले. "खेळातच विचारा. खेळात हो म्हणायला काय जातं त्यांचं?"

त्यांनी टोपी नीट केली, शिटी फुंकली आणि आपल्या जाड्या आवाजात पुकारा केला. "त्रैलोक्याच्या फौजदाराचा हुकूम! बुढ्याच्या खांद्याले चार मानसं पायजेत. गजानन! हजर?"

आत्ताच चंद्र चोरल्याचं कबूल करणारा गजानन खाली बघू लागला.

शेषरावांनी दुसरं नाव घेतलं, तिसरं घेतलं. ज्याचं नाव निघे त्याची नजर पारावर बसलेल्या एका म्हाताऱ्याकडे जाई आणि परत खाली येई. तो भावकीचा मुख्य पंच, त्याला सगळे नाना म्हणत. नाना काहीच करत नव्हते, सुपारी कातरत होते. चौथ्या माणसाने तर नाव ऐकताच चपला शोधायला सुरुवात केली. खोट्या पोलिसाला, खोट्या खेळात, खोटं "हजर" म्हणायलाही त्या गावात एक माणूस निघाला नाही. इतकी भीती मी कुठे पाहिली नव्हती.

"फौजदार," नाना अगदी गोड आवाजात म्हणाले, "खेळ झाला तुमचा. शिधा घ्या अन् पुढचं गाव धरा."

शेषरावांनी टोपी काढली. शिधा घेतला नाही.

आम्ही कौसाबाईंच्या घरी गेलो. त्यांनी पाणी दिलं आणि आम्ही ते पितो की नाही, हे बघत उभ्या राहिल्या. चक्की बंद म्हणून घरच्या जात्यावर दळलेल्या पिठाची जाडसर भाकरी त्यांनी कढीबरोबर वाढली. खाटेवरचा नवरा एका डोळ्याने आमच्याकडे बघत होता.

"माय, मी खोटा पोलीस हाय," शेषराव म्हणाले.

"मले मालूम हाय. म्हनून त तुमाले सांगतलं. खऱ्यापाशी गेली असती त तक्रार झाली असती. तुमच्यापाशी बोलली त खेळात गेलं."

वाळीत टाकणं हा गुन्हा आहे, आत्ता ठाण्यात जाऊ, मी येते, असं मी सांगितलं. माझ्याजवळ तेवढंच होतं.

"पोलीस मानसं हुभे करतीन, बाई. पन तोंड वाकडं करून उचलतीन ते याले. अन् पोलीस गेल्यावर मी कुठी जाऊ?"

त्यांनी मला दारापर्यंतही पोहोचवलं नाही. बाहेर कुणी पाहील, म्हणाल्या.

नांदुऱ्याच्या फलाटावर शेषराव मला सोडायला आले. वर्दी पुन्हा पिशवीत गेली होती. गाडी येईपर्यंत ते एकदाच बोलले. "इंद्राले पकडनं सोपं हाय, ताई." गाडीत शेजारच्या कुटुंबाने मला पोळीभाजी दिली, मुलाने खिडकीची जागा दिली. एरवी अशा चांगुलपणावर मी पानभर लिहिते. त्या दिवशी तो चांगुलपणा मला सोसवेना. गजाननही गाडीत असता तर त्याने जागा दिलीच असती.

घरी आल्यावर बरेच दिवस मी स्वतःची समजूत घालत होते. निदान कुणीतरी तिचं ऐकलं, निदान गावासमोर प्रश्न तरी आला. मग शेषरावांचा फोन आला. म्हातारा गेला होता. त्यांना शेजारच्या गावात उशिरा कळलं.

"खांदा कुणी दिला?" मी विचारलं.

"जावई, त्याचा भाऊ अन् बुढ्याची लेक."

"आणि चौथा?"

"कौसाबाईच."

ते पुढे म्हणाले, "अजून एक हाय, ताई. एक शेजारीन मांगच्या भिंतीवरून बुढ्यासाठी चोरून दूध ठेवे. आपल्या खेळानंतर नानानं पंच बसवले, कोन कोन लपून मदत करते ते पाह्याले. तवापासून ते बी बंद झालं."

जाऊन आलेल्या गावांबद्दल लोक मला विचारतात, तुमच्या जाण्याने तिथे काही बदललं का? बदललं. आम्ही गेलो नसतो तर त्या म्हाताऱ्याला शेवटपर्यंत दूध मिळालं असतं.