पान एकोणीसवरची लाल खूण

आधीच सांगते, मी असल्या गोष्टी मानणारी बाई नाही. चौकातलं लिंबू ओलांडून रोज ऑफिसला जाते, स्कूटर अमावास्येला घेतली, आणि या सदरातले अनुभव आजवर हसण्यासाठीच वाचत आले. दोन-तीन जणांची तर खाली टिंगलही केलीये. त्याबद्दल माफी मागायला आलेले नाही... माझ्या बाबतीत जे झालं तेवढं सांगते. "तुमचाच वाचण्यात गोंधळ झाला असेल" असं लिहिणार असाल तर खुशाल लिहा. ते वाक्य मला पाठ आहे, आणि ते मला छापील स्वरूपात मिळालेलं आहे.

मी नशिराबादला राहते, नोकरी जळगावात. आमची कंपनी म्हणजे सहा माणसं आणि एक कूलर. मालक दिलीपशेठ. घरचा तीन पिढ्यांचा कापडाचा धंदा, हे धाकटे सॉफ्टवेअरमध्ये शिरले. त्यांना 'सर' म्हटलेलं आवडतं, आम्ही शेठच म्हणतो. आम्ही फ्रिजवर लक्ष ठेवणारा एक डबा बनवतो. आतलं तापमान चढलं की डबा इंटरनेटवरून आमच्या क्लाउडला कळवतो आणि तिथून लोकांच्या मोबाइलवर सूचना जाते. धुळ्यात एक रक्तपेढी आहे, तिच्या मोठ्या फ्रिजवर आमचा डबा आहे. त्या फ्रिजमधल्या पिशव्या तापल्या की गेल्या... मग साक्री, शिरपूरकडून रक्त चढवून घ्यायला आलेल्या लेकरांना काय सांगणार?

डब्यापासून क्लाउडपर्यंत निरोप नेण्याचं काम आम्ही लिहिलेलं नाही. त्यासाठी बाहेरच्या एका कंपनीची तयार लायब्ररी वापरतो. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे, दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला कोड. तिची दर महिना-दोन महिन्यांनी नवी आवृत्ती येते. ती आपोआप डब्यात उतरावी अशी शेठनी व्यवस्था करून ठेवली होती, कारण दर वेळी धुळ्याला कोण जाणार! जुन्या आणि नव्यात काय बदललं ते पाहायचं काम माझं.

सगळे ते स्क्रीनवर पाहतात. हिरव्या ओळी नव्या, लाल ओळी काढलेल्या, बोट फिरवलं की झालं. मी तसं करत नाही. माझे वडील, आबा, जळगावच्या एका छापखान्यात एकतीस वर्षं मुद्रितं, म्हणजे प्रुफं, तपासायचे. तिथली रीत अशी, की एकाने मूळ प्रत धरायची, दुसऱ्याने नवी प्रत मोठ्याने वाचायची. म्हणून आमच्या वापरातल्या फायली मी दोन्ही आवृत्त्यांच्या छापून आणते. जुना गठ्ठा आबांच्या हातात, नवा माझ्या. आबांना कोडमधलं काही कळत नाही, आणि तेच बरं आहे. ज्याला कळतं तो अंदाजाने पुढे जातो. आबा ओळीखाली फूटपट्टी धरून अक्षर न् अक्षर ऐकतात. "कंस सुरू... स्वल्पविराम... कंस बंद" असं आमचं पारायण चालतं आणि शेजारची बाई विचारते, कसली पोथी लावली?

मे महिन्यातला रविवार. सकाळी आठ वाजता ओट्यावर बसलो. पान एकोणीसला आबा म्हणाले, "थांब. परत वाच."

मी परत वाचलं.

"माझ्याकडे पाच आहे. तू एक वाचतेयस. आणि पुढच्या दोन ओळी माझ्याकडे नाहीतच."

मी दोन्ही पानं नीट पाहिली. जुन्यात असं होतं की निरोप गेला नाही तर पाच वेळा प्रयत्न करायचा, आणि तरी जमलं नाही तर डब्याला 'गेला नाही' म्हणून सांगायचं, म्हणजे डबा निरोप राखून ठेवतो आणि परत पाठवतो. नव्यात प्रयत्न एकच. त्याखालच्या दोन ओळींचा अर्थ असा, की निरोप गेला नाही तरी 'गेला' असंच सांगायचं. म्हणजे आग लागल्याचं कळवायला निघालेला माणूस दारातूनच परत फिरणार आणि सांगून आलो म्हणणार. आबांनी ती जागा स्वतःच्या डोळ्यांनी पाहून समासात लाल पेन्सिलीने खूण केली. शेवटच्या पानावर छापखान्याच्या सवयीने 'वाचले' लिहून तारीख टाकली, सही केली.

सोमवारी शेठना पान दाखवलं. आमचा मिलिंद, माझ्या जोडीला काम करणारा मुलगा, त्याने स्क्रीनवर तीच फाईल उघडली. तीच आवृत्ती, तीच ओळ.

तिथे पाच होतं... खालच्या दोन ओळी नव्हत्या.

मी ज्या फाईलवरून छापलं होतं ती माझ्या मशीनमध्ये तशीच होती. परत छापली. पाचच आलं. लायब्ररी पुन्हा उतरवून घेतली, पाचच. दोन्ही पानं शेजारी ठेवली. अक्षरांचं वळण तेच, पानाचा आकडा तोच, फक्त एका पानावर तीन ओळी वेगळ्या होत्या. मिलिंद म्हणाला, "वैशालीताई, कुणी मस्करी केली असेल." मग कर म्हटलं तूही. त्या तीन ओळी तशा करून छापून दाखव. त्याने छापलं. ओळी वाढल्या तशी पानाखालच्या शेवटच्या दोन ओळी पुढच्या पानावर ढकलल्या गेल्या. आमच्या पानावर काहीच ढकललेलं नव्हतं, पुढचं पान जिथून सुरू व्हायला हवं तिथूनच सुरू होत होतं. मिलिंदने दोन्ही पानं उजेडात धरून पाहिली.

शेठनी पान बाजूला सारलं. "जी ओळ अख्ख्या जगात कुठे नाही ती फक्त नशिराबादच्या ओट्यावर आली? तुमचे आबा काय इंजिनिअर लागून गेले?"

मला म्हणाले असते तर मी ऐकून घेतलं असतं. पण एकतीस वर्षं ज्या माणसाने लोकांच्या पत्रिका, पुस्तकं, शोकसंदेश बिनचूक छापून दिले, त्याच्यावर यांनी हसायचं? डोकंच फिरलं माझं. म्हटलं, "इंजिनिअर नाहीत म्हणूनच त्यांना दिसलं."

त्या पानावर माझा विश्वास होता का? खरं सांगू, नव्हता. पण आबांच्या लाल खुणेवर होता. त्याच आठवड्यात कुणालाही न विचारता मी दहा-बारा ओळी लिहिल्या. लायब्ररी काय म्हणते ते ऐकायचं नाही. आमच्या क्लाउडचं 'मिळालं' असं उलट उत्तर दोन मिनिटांत आलं नाही तर डब्यानेच भोंगा वाजवायचा. गुरुवारी सुट्टी टाकली, भोंगा पिशवीत घातला आणि एस.टी.ने एरंडोल, पारोळा करत धुळ्याला गेले. रक्तपेढीच्या उषाअक्का, तिथल्या जुन्या टेक्निशियन, स्टूल धरून उभ्या राहिल्या. भोंगा डब्याला जोडून वाजवून पाहिला तर कान धरून म्हणाल्या, "माय व! मुडदा बी उठी बसी!"

शेठना कळलं. शनिवारी माझ्या टेबलावर कागद. कंपनीच्या लेटरहेडवर, तारखेसह, शेठच्या सहीने. त्यात सगळं नीट लिहिलेलं — कुठली आवृत्ती, पान एकोणीस, पाचाचं एक झालं असा माझा दावा, खालच्या दोन ओळी शब्दशः. आणि शेवटी, 'असा कोणताही बदल अस्तित्वात नाही. माझ्या व माझ्या वडिलांच्या वाचनात चूक झाली, हे मला मान्य आहे.' त्याखाली माझ्या सहीसाठी रेघ. सही करेपर्यंत कामावर यायचं नाही. भोंगा मिलिंद जाऊन काढून आणेल.

कागद घेऊन घरी आले. आबांनी तो दोनदा वाचला. एक अनुस्वार राहिला होता, तो दाखवला. मग म्हणाले, "नोकरी तुझी आहे. माझ्यासाठी अडू नकोस. कर सही." त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. मी म्हटलं, "आबा, तुम्ही पाच पाहिलं की नाही?" म्हणाले, "पाहिलं." "मी एक वाचलं की नाही?" "वाचलंस." "मग कसली सही?"

सही केली नाही. घरी बसले. घरातले सगळे मला समजावून थकले. मिलिंद आज जातो, उद्या जातो करत धुळ्याला जायचं टाळत राहिला. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी दुपारी एकच्या सुमाराला फोन आला. उषाअक्का. मागे गलका.

"पोरी, तुना भोंगा वाजना व! आम्ही बठ्ठा जेवाले बसेल व्हतूत. फ्रिज बंद पडेल, नेट बी नही, मोबाइलवर काहीच उनं नही. बठ्ठ्या पिशव्या दुसरा फ्रिजमा टाकी दिन्या. एक बी वाया नही गयी!"

सगळ्या पिशव्या वाचल्या होत्या. मी ओट्यावरच बसून रडले. आबांनी पाणी आणून दिलं.

संध्याकाळी मिलिंद घरी आला, लॅपटॉप घेऊन. स्क्रीन माझ्यासमोर धरली. आदल्या दिवशी लायब्ररीची त्यापुढची आवृत्ती, या खेपेला लवकरच, आली होती आणि डब्यात आपोआप उतरली होती. तीच फाईल. पाचाच्या जागी एक. खाली दोन ओळी. मी पान एकोणीस आणलं, आबांनी फूटपट्टी घेतली आणि मिलिंदने वाचलं. एका अक्षराचाही फरक आला नाही.

अशा लायब्ररीत प्रत्येक ओळ कुणी, कधी बदलली याची नोंद असते. तो बदल लिहिला गेला होता आमच्या वाचनानंतर नऊ दिवसांनी. "त्यांचा कच्चा मसुदा तुमच्या हाती लागला असेल" असं मला चौघांनी सांगितलंय. मी सगळे कच्चे मसुदे शोधले. त्या रविवारी ती ओळ कुणीच कुठे लिहिलेली नव्हती. असेल तर दाखवा. मी वाट पाहतेय. आबांना विचारलं, तुम्हाला काय वाटतं? ते म्हणाले, "मला काही वाटत नाही. फरक होता, दाखवला."

सोमवारी शेठचा फोन, या म्हणाले. गेले. त्यांनी स्वतः चहा मागवला. आबांची चौकशी केली. मग हळूच, "तो कागद... तो आणून द्या, फाडून टाकू. विषय संपला."

मी म्हटलं, कामावर उद्यापासून येते, कागद मिळणार नाही.

कारण नीट विचार केला तर त्या ओळी आधीच आम्हाला दिसल्या होत्या याचा पक्का पुरावा तोच आहे. लाल पेन्सिलीची खूण काय, कुणी म्हणेल नंतर केली. पण लेटरहेडवर, तारीख घालून, त्या दोन ओळी शब्दशः शेठनीच लिहून दिल्यात. हे कसं झालं ते मला आजही सांगता येत नाही, आणि सांगता येत नाही म्हणून मी ते झालंच नाही असंही म्हणणार नाही. कागद पान एकोणीसच्या मागे टाचून ठेवलाय. माझ्या सहीची रेघ अजून कोरी आहे. त्या कागदावर सही एकच आहे — शेठची.