गप्प झाला की गोड

शिवाजी पेठेत जळालेल्या विजेच्या मोटारी रिवाइंड करणारा आकाराम रविवारी फुटबॉलचा पंच असे. पंचानं शिव्या खायच्या हे पेठेत ठरलेलंच. पण एकदा भर सामन्यात त्यानं गोलकीपरलाच कॉर्नर मारायला सांगितलं, आणि मग मैदानाच्या मधोमध घामाघूम होऊन बसला. "माझी चप्पल कुठाय?" असं बावीस जणांना विचारू लागला.

"सकाळी सकाळीच लावून आलाय," असा पेठेनं निकाल दिला.

ताकापलीकडे काही न प्यालेल्या माणसाच्या ते जिव्हारी लागलं. "आरं, उपाशी राहिलं की मला भ्रम हुतोय," असं तो दोन वर्षं घसा कोरडा करून सांगत होता आणि ऐकणारे एकमेकांना डोळा मारत होते.

शेवटी तपासण्यांत खरा गुन्हेगार सापडला. स्वादुपिंडाच्या शेपटाकडं गाठ होती आणि ती वेळकाळ न बघता इन्सुलिन सोडत होती. रक्तातली साखर घसरली की आकारामचं डोकं बंद पडे. त्यात गाठीची पिलावळ यकृतातही पोचलेली. पहिल्या डॉक्टरांनी "पसरलंय, आता कापून काय उपयोग?" म्हणत हात वर केले. दुसऱ्या दवाखान्यातल्या सर्जन डॉ. दीक्षा मात्र म्हणाल्या, "आकारामदादा, ही गाठ सावकाश वाढणारी आहे. सगळी निघेल असं वचन देत नाही. पण मोठा भाग काढला तर इन्सुलिन कमी होईल. उरलेल्याला औषधांनी आवरता येईल."

ऑपरेशन होईपर्यंत त्यांनी घरच्यांना एक नियम सांगितला होता: दादा गप्प झाले, नजर हरवली, की तोंडात गोड घालायचं. बायको वर्षाराणी हा नियम पाळायची. बिद्री गावाला दिलेली थोरली बहीण आक्का येईल तेव्हा तो पाळायला टपून बसायची. आकाराम विचार करायला थांबला तरी तोंडात गूळ, पेपर वाचताना गप्प बसला तरी पेढा. त्याच्या पँटी वर्षाराणीनं तीनदा उसवून वाढवल्या.

ऑपरेशनची सकाळ उजाडली. रात्रीपासून पोट रिकामं, साखर सलाईनमधून चाललेली. आकाराम हिरवा डगला घालून खाटेवर बसला होता. भूल उतरल्यावर आपण वर्षाराणीला ओळखू का, या एकाच काळजीनं त्याची वाचा बसली होती. वर्षाराणी सही करायला बाहेर गेली आणि तेवढ्यात पहिल्या एस.टी.नं आक्का आली. भाऊ गप्प, नजर भिंतीवर.

"अगं बया, गेला की गं!"

"आक्का, खायाचं न्हाय—" एवढं म्हणायला त्यानं तोंड उघडलं आणि अख्खा बेसनलाडू आत गेला. आक्कानं हनुवटी दाबून धरली. "गीळ मुकाट्यानं!" पन्नाशीचा आकाराम लहानपणीच्या सवयीनं गिळून मोकळा झाला.

भूलतज्ज्ञ कपाळाला हात लावून म्हणाले, "पोट भरलेलं असताना भूल दिली आणि खाल्लेलं उलटून फुप्फुसात गेलं तर? आज जमणार नाही." ऑपरेशन पुढच्या आठवड्यावर गेलं.

आकारामचा तोल सुटला. "दोन वर्सं कुणी ऐकलं न्हाय! आता ऐकाय बसला तर जीव घ्याल! गाठ परवाडली, पर तुमी न्हाय!"

"मेल्या," आक्का पदर तोंडाला लावून म्हणाली, "मला वाटलं, तू चाललास."

त्यावर भांडायची सोय उरली नाही, आणि त्याचाच त्याला जास्त राग आला.

पुढच्या खेपेला आक्का वॉर्डाच्या दारात पाय पसरून बसली. शेजारच्या पेशंटचा चहासुद्धा तिनं परत धाडला. ऑपरेशनला अर्धा दिवस लागला. डॉ. दीक्षा बाहेर आल्या. स्वादुपिंडाचं शेपूट, त्याला लागून असलेली प्लीहा आणि यकृतातल्या मोठ्या गाठी काढल्या होत्या. खोलवरच्या दोन बारक्या तशाच ठेवल्या होत्या.

"अर्धवट सोडून आलीस व्हय गं पोरी?"

"आक्का, त्यांच्या मागं लागले असते तर यकृतच उरलं नसतं. त्यांना आवरायला दर महिन्याला इंजेक्शन देऊ."

तिसऱ्या दिवशी हे आकारामला कळलं आणि तो पडल्या पडल्या चिडला. "मग एवढं फाडून काय मिळवलं?"

"सलाईनमधली साखर काल संध्याकाळीच बंद केली," डॉक्टर म्हणाल्या. "त्यानंतर तुमच्या पोटात काहीही गेलेलं नाही. ही समोर कोण बसलीय?"

"वर्षाराणी की. कोण म्हंजे?" तो खेकसला.

वर्षाराणीनं मान खाली घातली. आकाराम तिच्याकडं बघतच राहिला.

"तरी दोन ऱ्हायल्याच," तो पुटपुटला आणि कूस बदलायला गेला. टाके ताणले तशी सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी शिवी हासडली.