भिंतीवरची झाकणं

आमचा दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, एकोणीस वर्षं त्या कारखान्यात फिटर होता. काय काम करायचा, असं कुणी विचारलं तर मी सांगते, झाकणं लावायचा आणि झाकणं काढायचा. थट्टा नाही करत.

जुन्या चिंध्या फाडून त्यांचा पुन्हा कापूस करायचा कारखाना तो. मीही तिथंच कामाला. सहा मशीनं, प्रत्येकात गरगर फिरणारा दातेरी रूळ, आणि रुळावर बसवायचं पत्र्याचं झाकण. झाकण लावलं की आत कापसाचं तूस साचतं, तासातासाला मशीन थांबवून साफ करावं लागतं. मालकाला ते परवडायचं नाही. म्हणून सहाही झाकणं भिंतीवर खिळ्यांना टांगलेली. तपासणीचे साहेब येणार असले की आदल्या दिवशी ऑफिसात फोन यायचा आणि दादा पाना घेऊन धावायचा. साहेब चहा पिऊन गेले की झाकणं परत खिळ्याला. आम्हाला त्याचं हसू यायचं! "निघाली बाई पाहुण्यांची भांडी," असं आमच्यातली एक, जिला सगळे बडबडी म्हणायचे, ती म्हणायची आणि मी फिदीफिदी हसायचे. आता आठवलं की माझी मलाच किळस येते.

दादाच्या उजव्या हाताची दोन बोटं त्याच रुळांनी खाल्ली होती, नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी. तेव्हा मालकानं एक कागद पुढे केला, 'चूक माझीच' असा. दादानं डाव्या हातानं सही केली आणि त्याला फिटरची जागा मिळाली. घरी येऊन आईला म्हणाला, "बढती झाली." बढती म्हणे!

बडबडी माझ्या शेजारच्या मशीनवर. मशीनपेक्षा मोठ्या आवाजात दिवसभर बोलायची. नवरा कसा घोरतो, लेकीनं बाईंना वर्गात काय उलट उत्तर दिलं, सगळं. कान किटायचे, पण ती रजेवर असली की दिवस जाता जायचा नाही.

सोमवारी साहेब येऊन गेले. संध्याकाळी दादानं झाकणं उतरवली. मंगळवारी सकाळी बडबडी लेकीचं काहीतरी सांगत होती आणि वाक्य अर्धंच राहिलं. एक लांब चिंधी रुळाला गुंडाळली गेली, तिच्यात बाही, बाहीत हात. मी बटण दाबलं. रूळ लगेच थांबत नाही हो. तो आपल्या सवडीनं थांबतो.

तिला दवाखान्यात नेलं, कोपरापासून हात काढावा लागला. आणि इकडे? जमिनीवरचं रक्त पुसायच्या आत मालक दादाला म्हणाला, "झाकणं चढव. उद्या साहेब चौकशीला येतायत." आणि दादानं चढवली! नट आवळून वर फडकंसुद्धा मारलं. घरी त्याला वाढलंही नाही मी. "अरे, ते सगळं तिच्यावर ढकलणार आहेत," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी कागद तयारच होता. 'कामगार बाईने सूचना असूनही झाकण स्वतः काढले.' खाली साक्षीदार म्हणून दादाची सही हवी होती. ती झाली की बडबडीला एक दमडी मिळणार नव्हती, वर हात गेला तोही स्वतःच्या मूर्खपणानं, असा शिक्का बसणार होता.

साहेब मशीनांवरून फिरले आणि भिंतीपाशी थांबले. तेलकट भिंतीवर वर्षानुवर्षांचं करडं तूस चिकटलेलं, आणि त्यात सहा स्वच्छ पांढरे चौकोन. प्रत्येक चौकोनाच्या डोक्यावर खिळा. आंधळ्यालाही कळलं असतं. साहेबांनी नीट पाहिलं, मालकाकडे वळले आणि हळूच म्हणाले, "ही भिंत तेवढी रंगवून घ्या."

थू! मी खरंच थुंकले, तिथंच, त्यांच्या बुटापाशी.

मालक माझ्या अंगावर ओरडला. तेवढ्यात पान्याचा आवाज आला. दादा बडबडीच्या मशीनचे नट खोलत होता. तीन बोटांनी त्यानं झाकण उचललं, भिंतीपाशी आणलं आणि खिळ्याला अडकवलं. पांढऱ्या चौकोनात ते कडेला कड लावून बसलं.

"हे इथं असतं, साहेब," दादा म्हणाला. "काल मशीनवर नव्हतं. तिचा हात गेल्यावर मी बसवलं."

मी फोन काढून फोटो घेतला, मग बाकीच्या बायकांनीही घेतले. तेव्हा कुठे साहेबांनी पेनचं टोपण काढलं. दादाची नोकरी त्याच दिवशी गेली.

दुपारी आम्ही दवाखान्यात गेलो. मीच घाईघाईनं तिला सगळं सांगितलं, कागदावर आता खरं लिहिलंय, दादामुळे लिहिलंय. मला वाटत होतं, ती रडेल, दादाचे आभार मानेल.

तिनं दादाकडे पाहिलं. "सोमवारी ते काढलं कुणी?"

"मीच," दादा म्हणाला.

बडबडीनं तोंड फिरवलं. आम्ही तासभर बसलो. ती एक शब्द बोलली नाही.