इंदिराबाईंच्या वहीतल्या पाच नोंदी

स्वप्नाली आमच्या शेजारची. देवासला वाढली, शाळा हिंदीत. घरी मराठी बोलायची, पण वाचताना ओळीखाली बोट धरायची. आणि पीएच.डी.ला विषय घेतला तो माळव्यातल्या मराठी बायकांच्या खाजगी लिखाणाचा. शिकवण्या घेत सहा वर्षांत तिने प्रबंध पुरा केला.

सगळी मदार धारच्या कै. इंदिराबाईंच्या वहीवर होती. वही मोडी लिपीत. घरात मोडी येत होती ती एकट्या त्यांच्या सुनेला, ऐंशीच्या यमुनाबाईंना. त्या वाचत, स्वप्नाली रेकॉर्ड करी आणि नंतर उतरवून काढी. तिसऱ्या प्रकरणात तिने लिहिलं होतं, ‘इंदिराबाईंच्या लिखाणात भीती कुठेच नाही.’

तोंडी परीक्षेला नऊ दिवस उरले असताना पत्र आलं: बाहेरचे परीक्षक मोडी जाणतात, मूळ वही सोबत आणावी. सगळ्या नोंदी उतरवलेलं परिशिष्ट तपासायचं काम स्वप्नालीने माझ्यावर सोपवलं. मला मोडी येत नाही. पण प्रत्येक नोंदीच्या डोक्यावर मोठा ‘श्री’ होता. वहीच्या फोटोंत ते त्रेचाळीस भरले. प्रबंधात नोंदी अडतीस. मी तीनदा मोजलं.

“काका, मजाक मत करो,” ती म्हणाली. “मीच गाळल्या म्हणतील. सहा वर्षं गेली!”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही धारला गेलो. स्वप्नालीने यमुनाबाईंना सरळच विचारलं.

“आजी, पाच नोंदी तुम्ही वाचल्याच नाहीत ना?”

“दुखण्याखुपण्याची रडगाणी ती. तुला काय करायचीत?”

“परीक्षकांना मोडी येते, आजी. ते वाचणारच.”

यमुनाबाईंनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. त्यांचे सासरे, भैयासाहेब. वारल्याला पन्नास वर्षं झाली होती, तरी म्हातारीचा आवाज खाली आला. “माझा लेक अजेय वर आहे. आजोबांना देव मानतो. दार लाव.”

मग त्या वाचू लागल्या. “‘जिन्यावर त्यांच्या वहाणा वाजल्या की मी कोठीत जाऊन दाराआड उभी राहते. आज पोळी करपली. काय होईल ठाऊक नाही.’” त्या थांबल्या. “त्या वहाणा मीही ऐकल्यात, पोरी.”

स्वप्नाली रेकॉर्डर सुरू करायचं विसरली होती; तो मी सुरू केला.

परीक्षेला मी मागच्या खुर्चीवर होतो. कोणी विचारायच्या आत ती उभी राहिली आणि म्हणाली, “माझं तिसरं प्रकरण चूक आहे.” पदवी त्या दिवशी मिळाली नाही. प्रकरण नव्याने लिहायला सहा महिने मिळाले.

बाहेर येऊन तिने धारला फोन लावला. “आजी, आता हे सगळं प्रबंधात येणार. अजेयकाका वाचतील.”



“त्याआधी मीच त्याला वाचून दाखवते,” यमुनाबाई म्हणाल्या. “तू मात्र येऊन शेजारी बस. एकटीला मला भीती वाटते.”