सपाट पाय आणि शाळेचे बूट

माझी मुलगी दुसरीत गेली आणि शाळेतून येताना लंगडायला लागली. बस थांबते तिथून सुदामा नगरातलं आमचं घर जवळच आहे, पण ती मध्येच कोणाच्या तरी ओट्यावर बसून पोटऱ्या चोळायची.

हाडांच्या डॉक्टरांनी तिला अनवाणी उभं केलं. तळवे पूर्ण जमिनीला टेकलेले, घोटे आत झुकलेले. मग चवड्यांवर उभं राहायला सांगितलं, तर तळव्याखाली छान कमान दिसली. डॉक्टर म्हणाले, पाय लवचिक आहेत, घाबरू नका. पुष्कळ मुलांना अशा पायांसाठी काहीच करावं लागत नाही. हिला दुखतंय, म्हणून बुटात आधाराचे सोल घालायचे आणि व्यायाम करायचा. सोलनं कमान तयार होणार नाही, दुखणं कमी होईल, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

व्यायामाचा त्रास झाला नाही. भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणायच्या, फरशीवरचा नॅपकिन पायाच्या बोटांनी गोळा करायचा. त्यात ती बापाला रोज हरवायची.

त्रास दिला तो शाळेनं. मुलींसाठी बक्कलवाले, उथळ, अरुंद बूट सक्तीचे. त्यात सोल घातला की टाच बाहेर. म्हणून आम्ही लेसचे बूट आणले. तेही काळेच. तरी प्रार्थनेच्या वेळी पीटीच्या सरांनी तिला रांगेतून बाहेर काढलं, "ये लड़कों के जूते हैं, उतारो," म्हणाले आणि प्रार्थना संपेपर्यंत नुसत्या मोज्यांवर सिमेंटवर उभं ठेवलं. ज्या पायांना आधार हवा म्हणून एवढा खटाटोप चालला होता, त्याच पायांवर. हे तिनं घरी येऊन सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी प्राचार्याबाईंसमोर बसले. त्या हिंदीत अगदी गोड बोलत होत्या. नियम सगळ्यांना सारखा, आज हिला सूट दिली तर उद्या सगळ्याच मागतील.

"तो दे दीजिए सबको," मी म्हटलं. मग पिशवीतून शाळेचा बूट आणि सोल काढून त्यांच्या टेबलावर ठेवला. "हा यात बसवून दाखवा. बसला तर उद्यापासून हेच घालून पाठवते." रागात हिंदी सुटून मी मराठीवर आले होते, पण त्यांना कळलं. त्यांनी खरंच प्रयत्न केला. सोल दुमडला, दाबला, शेवटी बाजूला सरकवला आणि डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणायला सांगितलं.

परवानगी मिळाली, "विशेष बाब" म्हणून. जणू उपकार केले. नियम तोच राहिला. बाकीच्या मुली अजून त्याच उथळ बुटांत धावतात, आणि मुलांना मात्र लेसचे भक्कम बूट. का, याचं उत्तर मला कोणी दिलं नाही.

हळूहळू तिचं दुखणं पुष्कळ कमी झालं. आता ओट्यावर न बसता घरी येते. पण परवानगी मिळाली त्या दिवशी तिनं एकच विचारलं होतं, "आई, सर सॉरी बोलले का?"

नाही, म्हटलं.

"मग मी त्यांना गुड मॉर्निंग नाही म्हणणार."

मोठ्यांना नमस्कार करावा, हे मीच तिला शिकवलंय. त्या दिवशी त्याची आठवण न करून देता मी नॅपकिन फरशीवर पसरला आणि म्हटलं, चल, व्यायाम.