फाटक्या पानांचं ऑफिस

किस्से आपण जमवत नाही, ते पर्सच्या तळाशी साचतात. रुमाल काढायला हात घालावा आणि पिन, बसचं तिकीट, पोरीचं अर्धं बिस्किट हाती यावं, तसं. फुलचूरच्या आमच्या ऑफिसचं नाव निघालं की माझं अगदी तसंच होतं.

ऑफिस म्हणजे मेश्राम सरांच्या टायपिंग इन्स्टिट्यूटच्या वरची खोली. तीन कॉम्प्युटर, एक डोंगल आणि लाइट गेली की पंधरा मिनिटं दम धरणारा इन्व्हर्टर. माणसंही तीनच: सर, उषाताई आणि मी. काम मात्र ऐकणाऱ्याला खरं वाटत नसे. शेकडो वर्षांपूर्वीची ज्यू लोकांची हस्तलिखितं, त्यांची फाटकी पानं जगभरच्या ग्रंथालयांत विखुरलेली. एकाच पानाचा वरचा तुकडा एका देशात, खालचा दुसऱ्यात. त्यांचे फोटो आमच्याकडे येत. कोणते तुकडे एका पानाचे असावेत ते सॉफ्टवेअर सुचवायचं. आम्ही डोळ्यांनी पाहून 'हो' किंवा 'नाही' म्हणायचं आणि कारण लिहायचं. शेवटचा शब्द परदेशातल्या एका अभ्यासक मॅडमचा. ती लिपी आम्हा तिघांपैकी कुणालाच वाचता येत नव्हती.

तीन महिने ट्रायल होती. चुका जास्त झाल्या तर काम दुसऱ्या गावाला जाणार. मला हे पहिल्याच दिवशी सांगायला नको होतं.

*

सासूबाईंनी विचारलं, "कायचं काम करून राहिली वं तू तिथं?"

मी म्हटलं, जुने फाटके कागद जोडतो आम्ही.

त्यांनी थोडा विचार केला. "मंग पिहूच्या पुस्तकाचं कव्हर काऊन फाटून आहे दिवाळीपासून?"

*

ही लिपी उजवीकडून डावीकडे जाते, हे मला सांगितलेलं होतं. मी वहीत लिहूनही घेतलं होतं. तरी पहिल्या आठवड्यात प्रत्येक तुकड्याची डावी कड सरळ धरून मी जोडण्या लावत गेले, कारण जन्मभर समास डावीकडेच पाहिलेला! ओळी तर उजव्या कडेवरून सुरू होत होत्या. सगळ्या जोडण्या परत आल्या. मॅडमचा मेल इतका सभ्य होता की तो वाचून मला जास्तच रडू आलं.

सरांनी मेल दोनदा वाचला आणि चष्मा पुसत म्हणाले, "वंदनाताई, जे वाचताच येत नाही, तेही उलटं वाचलं तुम्ही."

त्या दिवसापासून मी प्रत्येक गोष्ट तीनदा तपासायला लागले. गॅस, कुलूप, आणि तुकडे.

*

उषाताई आधी साड्यांना फॉल-पिको करायच्या. एकदा दहा-बारा तुकडे आले, सगळ्यांना एकाच जागी भोक. कुठे मोठं, कुठे बारीक. क्रम काही लागेना. सॉफ्टवेअर दर वेळी नवाच क्रम सांगे.

उषाताईंनी खुर्ची पुढे ओढली. "हे घडीत कुरतडलं आहे. वरच्या घडीले मोठं भोक, आतल्या घडीले लहान. माह्या लग्नाच्या शालूचं असंच केलं उंदरानं." आणि त्यांनी भोकांच्या मापानं तुकडे ओळीत लावून टाकले.

सगळा क्रम बरोबर निघाला. मॅडमनी विचारलं, या पद्धतीला तुमच्याकडे काय म्हणतात? सर बराच वेळ खाली-वर फिरले आणि शेवटी लिहिलं, "साडी मेथड." पुढच्या मेलमध्ये मॅडमनी ते नाव जसंच्या तसं वापरलं. हसल्या असतील तर कळलं नाही.

*

धर्माचं लिखाण आहे म्हणून सरांचा नियम होता: चपला जिन्यातच काढायच्या, स्क्रीनसमोर खायचं नाही, आवाज हळू. एका पानापुढे तर ते स्वतः हात मागे बांधून उभे राहायचे. फार देखणं अक्षर होतं.

मॅडमनी कळवलं, ते एका व्यापाऱ्याचं भावाला लिहिलेलं पत्र आहे. पनीर पाठवलं नाहीस, निदान उत्तर तरी पाठव! त्या लोकांत लिहिलेला कागद फेकत नसत, म्हणून असलंही टिकलं.

आम्ही दोघी सरांकडे पाहत होतो. सर म्हणाले, "तरी चपला बाहेरच."

*

आता एक माझ्या घरचं. माझी लेक पिहू तेव्हा केजी-टूमध्ये होती. तिला रोज पानभर अक्षरं गिरवून न्यायची असत आणि अर्ध्या पानावर तिला झोप येई. उरलेलं मी लिहायची. लहान मुलाचं दिसावं म्हणून डाव्या हातानं. शिकलेल्या बाईनं हे करावं का, असं रोज वाटायचं आणि रोज करायची.

पालकसभेत टीचर म्हणाल्या, "क्लासमध्ये छान लिहिते. घर पे थोडा ध्यान दो."

*

ट्रायलचे आठ दिवस उरले होते. चुकांची आमची मर्यादा जवळपास भरली होती, आणि बहुतेक चुका माझ्या. तेव्हा एक तुकडा आला. एकच अक्षर ओळभर. सुरुवातीचं अक्षर घोटीव, पुढची लटपटत खाली घसरलेली. गुरुजींनी काढून दिलेलं पहिलं, मग पोराची. ते कळायला लिपी वाचता यावी लागत नाही.

दुसऱ्या तुकड्यावरही तीच अक्षरं, तशीच वाकडी. पण सॉफ्टवेअरनं लाल खूण दाखवली: हात वेगळा, म्हणजे लिहिणारा दुसरा. मधला भाग गायब, त्यामुळे कडा जुळवून पाहायचीही सोय नव्हती.

उषाताईंनी पाहिलं. "वेगळाच हात आहे, बाई. आता रिस्क कायले घेऊन राहिली?"

मी बराच वेळ पाहत राहिले. अक्षरं लटपटत होती, पण ओळ सरळ होती. दोन अक्षरांतलं अंतर एकसारखं. मी 'हो' दाबलं. कारणाचा रकाना रिकामा ठेवला. आठ दिवस मला जेवण गेलं नाही.

मग मेल आला. सरांनी उभं राहून वाचला. मधला तुकडा तिसऱ्याच ग्रंथालयात सापडला होता, त्याच्या कडा दोन्हींना जुळल्या. पान एकच. काम फुलचूरलाच राहणार होतं. उषाताईंनी लगेच चहा सांगितला.

मेलमध्ये खाली एक प्रश्न होता. गिरवणारे हात खरोखर दोन आहेत, वरचा मुलाचा, खालचा मोठ्या माणसाचा. तरी पान एकच, हे तुम्ही कशावरून ओळखलंत?

"लिहा," सर म्हणाले. "रकाना रिकामा नाही ठेवता येत."

माझ्या उजव्या हातात चहाचा कप होता. तो मी ठेवला नाही. डाव्या हातानं एकेक अक्षर शोधत टाइप केलं, "मलाही एक मुलगी आहे."